सत्तर की एकाहत्तर?

मित्रांनो, मॅगझिनची नोटीस लागली तेव्हा मराठी विभागाच्या संपादकांनी मला कॅन्टीनमध्येच पकडलं. म्हणाले, "काहीतरी टेक्निकल दे, पण वाचण्यासारखं. मागच्या वर्षी उपग्रहांवरचा लेख छापला, तो लिहिणाऱ्यानेसुद्धा पूर्ण वाचला नव्हता." मी म्हटलं, माझ्याकडे एकच टेक्निकल गोष्ट आहे जी मला रात्रीची झोप लागू देत नाही, आणि ती क्रिकेटची आहे. ते म्हणाले चालेल. म्हणून हा लेख. यात एक एक्स्पोनेन्शियल येणार आहे. घाबरू नका, ती तुम्ही पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये काढलेली आहे. बहुतेकांनी शेजारच्याच्या जर्नलमधून.

तर आधी मॅच.

आमच्या तालुक्याच्या गावी दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांची एक स्पर्धा होते. आसपासच्या शाळांचे माजी विद्यार्थी आपापल्या शाळेच्या नावाने उतरतात. सीझन बॉल, वीस ओव्हर्स, आणि बाद पद्धत. हरलात की घरी, फराळाला. ही कल्पना काही आमच्या गावची नाही. इंग्लंडमध्ये तिथल्या जुन्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसाठी 'क्रिकेटर कप' नावाची बाद पद्धतीची स्पर्धा १९६७ साली सुरू झाली. तिकडे म्हणे हिरवळ, पांढरे तंबू वगैरे. आमच्याकडे कडुलिंबाचं झाड, त्याखाली स्कोअररचं टेबल, आणि बाउंड्रीच्या आत मधूनच चालत येणारी एक म्हैस.

आमच्या टीममध्ये दहावीच्या बॅचेसचं अंतर बघाल तर पंचवीस वर्षांचं आहे. कॅप्टनला सगळे दादा म्हणतात, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. चार नंबरला येतात ते मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, म्हणून मास्तर. वय चव्वेचाळीस, उजव्या गुडघ्याला पट्टा. यंदा त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की हे शेवटचं वर्ष, गुडघा आता ऐकत नाही. त्यामुळे या सेमीफायनलला पुण्याहून दोघे आणि नाशिकहून एक जण रजा वाढवून थांबले होते. फायनल आमच्या शाळेच्याच ग्राउंडवर होणार होती. मास्तरांची शेवटची मॅच शाळेच्या ग्राउंडवर व्हावी, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. बोलत कोणी नव्हतं.

मी बारावा. खरं सांगायचं तर मला टीममध्ये घेतलं ते बॅटिंगसाठी नाही आणि बोलिंगसाठी तर नाहीच. स्पर्धेच्या नियमांच्या कागदावर एक ओळ होती: पावसाने खेळ थांबल्यास निकाल डकवर्थ-लुईस पद्धतीने. आणि त्या वर्षी आभाळ पाहता ही ओळ लागणार हे दिसतच होतं. दादाने विचारलं, "हे कुणाला येतं का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनिअरिंगला आहे ना! कमिटीने डकवर्थ-लुईसच्या जुन्या छापील तक्त्याची झेरॉक्स दोन्ही टीमना दिली होती. मोबाइलवर ॲप मिळतात, पण आमच्या ग्राउंडवर रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही. तो कागद माझ्या ताब्यात आला. मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून असा काही मिरवत होतो की जणू प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट करायला निघालोय.

समोरच्या टीमने पहिली बॅटिंग केली. वीस ओव्हर्समध्ये १४१. आम्हाला हव्या होत्या १४२.

आता इथे मॅच थांबवतो आणि तक्ता समजावतो. तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पूर्वी पाऊस आला की साधा हिशेब करायचे. पहिल्या टीमचा सरासरी रनरेट घ्यायचा आणि दुसऱ्या टीमच्या ओव्हर्सनी गुणायचं. आमच्या मॅचमध्ये १४१ भागिले २० म्हणजे ७.०५. दहा ओव्हर्सला ७०.५. हे बरोबर वाटतं, पण यात एक मोठी गफलत आहे. दहा ओव्हर्सनंतर तुम्ही एकही विकेट न गमावता ७० वर असा, नाहीतर नऊ विकेट गमावून ७० वर असा, हा हिशेब दोघांना सारखंच मानतो. नऊ विकेट पडलेली टीम उरलेल्या दहा ओव्हर्समध्ये काय करणार आहे, हे गल्लीतल्या पोरालाही कळतं. पण फॉर्म्युल्याला कळत नाही.

मग १९९२ च्या वर्ल्ड कपला दुसरी पद्धत आणली. दुसऱ्या टीमच्या जितक्या ओव्हर्स कापल्या, तितक्या पहिल्या टीमच्या सगळ्यात कमी धावांच्या ओव्हर्स हिशेबातून काढायच्या. २२ मार्च १९९२ ला सिडनीत सेमीफायनलमध्ये काय झालं ते बहुतेकांनी ऐकलं असेल. इंग्लंडच्या ४५ ओव्हर्समध्ये ६ बाद २५२. दक्षिण आफ्रिकेला १३ बॉलमध्ये २२ हव्या असताना पाऊस आला, बारा मिनिटं खेळ थांबला आणि दोन ओव्हर्स गेल्या. आफ्रिकेच्या बोलर्सनी आधी दोन ओव्हर्स जवळजवळ कोऱ्या टाकल्या होत्या. त्याच दोन ओव्हर्स हिशेबातून निघाल्या. म्हणजे चांगली बोलिंग त्यांच्याच अंगाशी आली. लक्ष्य कमी झालं फक्त एका धावेने, बॉल मात्र गेले बारा. उरला एक बॉल आणि हव्या होत्या २१. बोर्डावर तर २२ च दाखवत होते. एका बॉलमध्ये बावीस! पुढे डकवर्थ-लुईस लावून पाहिलं तर आकडा येतो: शेवटच्या बॉलवर बरोबरीला चार, जिंकायला पाच. म्हणजे मॅच मॅच राहिली असती.

हे दोन आकडे, बरोबरीला चार आणि जिंकायला पाच, कृपा करून लक्षात ठेवा. मी ठेवायला हवे होते.

फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस हे दोघे इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ. त्यांची पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा लागली १ जानेवारी १९९७ ला, हरारेमध्ये, झिम्बाब्वे विरुद्ध इंग्लंड. झिम्बाब्वे ७ धावांनी जिंकलं. २०१४ पासून तिला स्टीव्हन स्टर्न यांचंही नाव जोडलं गेलं, म्हणून आता डीएलएस म्हणतात. लुईस २०२० मध्ये गेले, डकवर्थ २०२४ मध्ये. आपल्याकडे केरळचे व्ही. जयदेवन यांनी स्वतःची वेगळी पद्धत काढली, ती देशातल्या स्पर्धांमध्ये वापरलीही गेली. हे जयदेवन सिव्हिल इंजिनियर आहेत. सिव्हिलच्या मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

दोघांची कल्पना साधी आहे. बॅटिंग करणाऱ्या टीमजवळ दोन गोष्टींचा साठा असतो: उरलेल्या ओव्हर्स आणि उरलेल्या विकेट. दोन्ही मिळून एक आकडा, त्याला ते रिसोर्स म्हणतात. आपण 'शिल्लक ताकद' म्हणू. पन्नास ओव्हर्स आणि दहाच्या दहा विकेट शिल्लक म्हणजे १०० टक्के. तक्त्यातून काही आकडे देतो. एकही विकेट पडलेली नसताना ४० ओव्हर्स उरल्या तर ८९.३, ३० उरल्या तर ७५.१, २० उरल्या तर ५६.६, १० उरल्या तर ३२.१ आणि ५ उरल्या तर १७.२. आता आठ विकेट पडल्यावरचा रकाना बघा: पन्नास उरोत, चाळीस उरोत, तीस उरोत किंवा वीस, ताकद ११.९ च. दहा उरल्या तर ११.४, पाच उरल्या तर ९.४. का? शेपटाचे दोन गडी उरल्यावर तुम्ही त्यांना पन्नास ओव्हर्स द्या नाहीतर वीस, ते त्याआधीच आउट होऊन चहा प्यायला येणार आहेत.

हा वक्र कुठे पाहिलाय? आरसी सर्किट! कपॅसिटर चार्ज होताना व्होल्टेज आधी भराभर चढतं आणि मग वरच्या मर्यादेला टेकून आडवं होतं. डकवर्थ-लुईसचं समीकरण अगदी तेच आहे. मिळू शकणाऱ्या धावा बरोबर कमाल मर्यादा गुणिले (एक वजा ई चा ऋण घात), आणि घात म्हणजे उरलेल्या ओव्हर्स भागिले टाइम कॉन्स्टंट. फरक एवढाच, की विकेट पडली की कपॅसिटर बदलतो.

मी नंतर (नंतर! आधी नाही) तक्त्यातल्या आकड्यांवरून टाइम कॉन्स्टंट काढून पाहिले. कॅल्क्युलेटर घ्या, तुम्हालाही येतील. एकही विकेट पडलेली नसताना टाइम कॉन्स्टंट येतो सुमारे ३७ ओव्हर्स आणि कमाल मर्यादा सुमारे १३५. चार विकेट पडल्यावर १८ ओव्हर्स आणि ६६. आठ पडल्यावर फक्त ३.२ ओव्हर्स आणि ११.९. आता गंमत: मर्यादेला टाइम कॉन्स्टंटने भागा. तिन्ही ठिकाणी उत्तर साधारण ३.७. म्हणजे तिन्ही वक्र शून्यापाशी एकाच उताराने निघतात. याचा क्रिकेटमधला अर्थ असा, की एकच बॉल उरला असेल तर तुमच्या हातात किती विकेट आहेत याला काही किंमत नाही, कारण वापरायला वेळच नाही. उलट पुष्कळ ओव्हर्स उरल्या असतील तर विकेट म्हणजे सोनं. हे दोघांनी मैदानात बसून पाहिलं असेल, पण समीकरणात ते इतकं नेटकं बसलंय की मला पहिल्यांदाच त्या आरसी सर्किटबद्दल आदर वाटला. व्हायव्हाला वाटला नव्हता.

आता मॅचकडे. वीस ओव्हर्सची मॅच म्हणजे दोन्ही टीमची सुरुवातीची ताकद ५६.६. दुसऱ्या टीमची बॅटिंग मध्येच थांबली तर तिच्याकडे जी ताकद शिल्लक राहिली ती वजा करायची, म्हणजे वापरलेली ताकद मिळते. मग पहिल्या टीमच्या धावा गुणिले वापरलेली ताकद भागिले ५६.६.

दहा ओव्हर्स झाल्या आणि खेळ तिथेच संपला असं धरू. दोन विकेट पडल्या असतील तर शिल्लक ताकद ३०.८, म्हणजे वापरली २५.८. १४१ ला त्याने गुणून ५६.६ ने भागलं की ६४.३. चार विकेट पडल्या असतील तर शिल्लक २८.३, वापरलीही २८.३, बरोबर निम्मी. उत्तर ७०.५. सहा पडल्या असतील तर शिल्लक २२.८, वापरली ३३.८, उत्तर ८४.२. धावा त्याच, ओव्हर्स त्याच. पण दोन विकेटला ६४ आणि सहा विकेटला ८४! जुन्या रनरेटच्या हिशेबाने सगळ्यांना ७०.५ च आलं असतं. (चार विकेटला दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं हा निव्वळ योगायोग आहे. परीक्षेत लिहू नका.)

हे सगळं मी इनिंग ब्रेकमध्ये, कडुलिंबाखाली, भजी खात, एका वहीच्या पानावर लिहून काढलं. दहाव्या ओव्हरच्या शेवटी: दोन विकेट ६४, चार विकेट ७०, सहा विकेट ८४. अपूर्णांक सोडून द्यायचा असतो हे मला माहीत होतं, म्हणून ७०.५ चे ७० केले. आणि वर मथळा दिला: 'हवेत'.

नऊ ओव्हर्स झाल्या तेव्हा आम्ही ४ बाद ६१. आठव्या ओव्हरपासून भुरभुर सुरू होती, आणि पश्चिमेकडून जे काळं येत होतं ते पाहून अंपायर म्हणाले, ही एक ओव्हर करू, मग बघू. दादा माझ्याकडे वळला. "किती?"

मी कागद पाहिला. "सत्तर. आणि विकेट जाता कामा नये. पाचवी गेली की आकडा अजून पाच-सहाने वर जातो."

"मास्तरांना सांगून ये."

मी ग्लोव्हजची जोडी घेऊन पळालो. मास्तर गुडघ्याला हात लावून उभे होते. मी म्हटलं, "मास्तर, या ओव्हरच्या शेवटी सत्तर हवेत. विकेट देऊ नका."

त्यांनी एकदाच विचारलं. "सत्तर ना? नक्की?"

"नक्की."

पहिल्या बॉलला एक. दुसऱ्याला दुसऱ्या बाजूच्या पोराने चौकार मारला. तिसरा हुकला. चौथ्याला दोन. पाचव्याला मिडविकेटला ढकलून परत दोन, आणि ती दुसरी धाव पोराने काढली म्हणण्यापेक्षा मास्तरांनी त्या गुडघ्यावर कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. सत्तर झाले. आमच्या बाजूने शिट्ट्या. पण स्ट्राइकवर अजून पोरगाच होता. मास्तर पिचच्या मधोमध लंगडत गेले आणि त्याला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला एवढ्या लांबूनही कळलं, कारण ते मीच सांगून आलो होतो.

शेवटचा बॉल पायावर होता. नुसता वळवला असता तरी एक धाव होती. पोराने बॅट सरळ खाली आणली आणि बॉल पायाशी मारून ठेवला.

तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. समोरच्या टीमचा विकेटकीपर ओरडत बोलरकडे धावला. मला वाटलं, हरलेली टीम इतकी खूश का? आणि त्याच क्षणी, अजून कोणी काही बोललेलं नसताना, मला माझा कागद आठवला. ७०.५. अपूर्णांक सोडला की ७०. ही झाली बरोबरीची रेघ, याला पार स्कोअर म्हणतात. जिंकायला त्यात एक मिळवायचा असतो.

एकाहत्तर.

पाऊस आला तो असा आला की पुन्हा खेळ होणं शक्यच नव्हतं. अंपायरनी जाहीर केलं: बरोबरी.

लीगची मॅच असती तर एकेक पॉइंट वाटून घेतला असता. बाद फेरीत ती सोय नाही. कोणीतरी एक पुढे जायलाच हवा. म्हणून बाद फेरीच्या नियमात बरोबरीसाठी वेगळा नियम असतो, आणि हे सगळे नियम माणसांनी घाईघाईत बनवलेले असतात. १९९९ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल बरोबरीत सुटली, तेव्हा आधीच्या फेरीत वर राहिली म्हणून ऑस्ट्रेलिया पुढे गेली. १४ सप्टेंबर २००७ ला डरबनमध्ये भारत आणि पाकिस्तान १४१-१४१ असे अडकले (हो, आमचाच १४१), तो गट-सामना असूनही रिकाम्या स्टंपवर बॉल टाकून भारत ३-० ने जिंकला. २०१९ ची वर्ल्ड कप फायनल २४१ ला बरोबरीत, सुपर ओव्हर १५-१५, शेवटी चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६ आणि न्यूझीलंडचे १७. त्यावर इतका ओरडा झाला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने नियम बदलून, निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर असं केलं.

आमच्या कमिटीने नियम कुठून उचलला असेल ते ओळखा. बरोबरी झाल्यास सुपर ओव्हर, शक्य नसल्यास संपूर्ण डावातले चौकार-षटकार. ग्राउंडवर घोटाभर पाणी. मोजणी झाली. त्यांचे वीस ओव्हर्समध्ये १४, आमचे दहा ओव्हर्समध्ये ९. आम्ही बाहेर.

दादा पहिल्यांदा चिडला. म्हणाला, त्यांच्या वीस ओव्हर्स आणि आमच्या दहा, हे मोजायचं कसं? आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हा नियम पूर्ण मॅचसाठी बनवलाय आणि डकवर्थ-लुईस अर्ध्या मॅचसाठी. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण एकाला दुसरा जोडताना मधे काय होईल याचा विचार कोणी केला नव्हता. आमची वापरलेली ताकद बरोबर निम्मी होती. डकवर्थ-लुईसच्याच न्यायाने त्यांच्या १४ चे निम्मे ७ धरले असते, तर आम्ही ९-७ ने पुढे होतो. टेम्पोत बसल्यावर पुण्याचे दोघे हेच सारखं बोलत होते. नियम गाढवपणाचा आहे, कमिटीला लिहून द्यायला हवं वगैरे. सगळे मला म्हणाले, तू इंजिनियर, तूच अर्ज लिही.

मी मान डोलावली.

म्हणजे बघा. माझ्याजवळ उत्तम अर्ज लिहिण्याइतकं गणित होतं. ९-७ चा हिशेब मी टेम्पोत बसल्याबसल्या केला होता. पण तो बोलून दाखवायला तोंड नव्हतं, कारण नियम कितीही गाढव असला तरी त्याच्यापर्यंत पोचायची वेळ माझ्यामुळे आली होती. पायावरचा बॉल होता. एक धाव. समोरच्या कॅप्टनला आकडा माहीत होता, म्हणून त्यांचा कीपर नाचला. आणि मी गप्प बसलो. टेम्पोत, नंतर दादाच्या दुकानात, भाऊबिजेला, सगळीकडे सगळे नियमाला शिव्या घालत होते आणि मी त्यात भर घालत होतो. पाच दिवस.

होस्टेलला परत आल्यावर मी नेटवर डरबनची दुसरी मॅच शोधून काढली. ३ मार्च २००३, वर्ल्ड कप, दक्षिण आफ्रिका विरुद्ध श्रीलंका. श्रीलंकेच्या ९ बाद २६८, अटापट्टूच्या १२४. आफ्रिकेची बॅटिंग चालू असताना पाऊस. पंचेचाळिसाव्या ओव्हरमध्ये आतून निरोप गेला: २२९. मार्क बाउचरने मुरलीधरनच्या पाचव्या बॉलला षटकार मारला, २२९ झाले. शेवटचा बॉल त्याने नीट खेळून काढला, धाव घेतली नाही. आणि मग कळलं की २२९ हा बरोबरीचा आकडा होता, जिंकायला २३० हव्या होत्या. मॅच टाय. स्वतःच्या देशात भरलेल्या वर्ल्ड कपमधून आफ्रिका पहिल्याच फेरीत बाहेर, आणि शॉन पोलॉकची कॅप्टनशिप गेली.

आंतरराष्ट्रीय टीम, कोच, कॉम्प्युटर, छापील तक्ता, सगळं असून तीच चूक. हे वाचून मला आधी फार बरं वाटलं. दहा मिनिटं. मग लक्षात आलं की हे मी आधी वाचायला हवं होतं. ही गोष्ट २००३ पासून सगळ्यांना माहीत आहे आणि मी तक्त्याचा फोल्डर मिरवत होतो.

सहाव्या दिवशी मी मास्तरांना फोन लावला. दादाला लावायची हिंमत नव्हती. म्हटलं, "मास्तर, चूक माझी होती. एकाहत्तर हवे होते. मी सत्तर सांगितलं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे शाळेची घंटा ऐकू येत होती.

मग म्हणाले, "मला शंका आली होती रे. १४१ ला आपण १४२ काढायचे होते ना, मग निम्म्याला पण एक वर हवा असं डोक्यात आलं. म्हणून तर विचारलं, नक्की का. पण तू म्हणालास नक्की. म्हटलं, पोरगं इंजिनिअरिंगला आहे, त्याला माहीत असणार."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला बरेच लोक बोलले आहेत. एचओडी बोलले, वडील बोलले. पण हे मास्तर मला बोललेसुद्धा नव्हते, आणि मला जे झालं ते त्यातल्या कशानेच झालं नव्हतं. त्यांच्या डोक्यात उत्तर बरोबर होतं. साध्या, शाळेच्या गणितातून आलेलं. ते त्यांनी माझ्या फोल्डरपुढे मागे घेतलं.

"दादाला तूच सांग," ते म्हणाले. "मी नाही सांगणार."

सांगितलं. दादा जे बोलला ते मॅगझिनमध्ये छापता येणार नाही. पण शेवटी म्हणाला, "अर्ज लिहायचाच. त्यात आधी आपली चूक लिही, मग त्यांची." तसाच लिहिला. कमिटीने बरोबरीचा नियम बदलायचं मान्य केलंय: सुपर ओव्हर शक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, सात वाजता. निकाल अर्थातच बदलला नाही, आणि आम्ही तो मागितलाही नव्हता.

आता तांत्रिक भाग पूर्ण करतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात असा कागद कधीतरी येईलच. नवीन कागद मी असा केलाय: प्रत्येक ओव्हरला एक आडवी ओळ, पडलेल्या विकेटचे उभे रकाने, आणि प्रत्येक चौकोनात दोन आकडे. वरचा लहान, 'बरोबरी'. खालचा मोठा, लाल, 'जिंकायला'. 'हवेत' हा शब्द कुठेही नाही. किती हवेत, कशासाठी हवेत, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा कोणाच्या हातात देऊ नये. अजून एक: तक्ता छापील असेल तर तो जुन्या, स्टँडर्ड आवृत्तीचा असतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता आकडे कॉम्प्युटर काढतो आणि तिथे पहिल्या टीमचा स्कोअर फार मोठा असला की वक्र थोडा बदलतो. गावच्या मॅचला त्याची गरज नाही. दोन्ही टीमकडे एकच कागद असला म्हणजे झालं, आणि दोन्ही कागद मॅचच्या आधी स्कोअररच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ताडून घ्यावेत.

नमुन्याचा कागद मास्तरांना पोस्टाने पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, लाल आकडे अजून मोठे कर, मैदानावर चष्मा बॅगेत असतो.

मी विचारलं, "मास्तर, पण तुम्ही तर यंदाच शेवटचं म्हणाला होता."

"गुडघ्याचं बघतोय," म्हणाले. "तू आकडे मोठे कर."